पिंजऱ्याबाहेर बसायचा पगार मिळतो का? (शेल्टरमधलं वर्तन-प्रशिक्षणाचं काम)

ओवी_पुणे:
नमस्कार मंडळी,
दीड वर्ष झालं, दर रविवारी शहराबाहेरच्या एका शेल्टरला जाते. सुरुवात गोचीड काढण्यापासून झाली, मग चिकनमध्ये लपवून गोळ्या देणं, मग फिरायला नेणं. गेल्या महिन्यात तिथल्या मॅनेजरताईंनी विचारलं, "कुत्र्यांचं वर्तन आणि प्रशिक्षण बघायला पूर्णवेळ माणूस हवंय, येतेस का?"

मी विमा कंपनीत क्लेम बघते, अकरा वर्षं झाली. पगार निम्म्याच्याही खाली येईल. आई म्हणाली, "एम.कॉम. होऊन कुत्र्यांच्या शिकवण्या घेणार का?" नवरा काहीच बोलला नाही, आणि आमच्याकडे तो काही बोलला नाही की काय ते समजायचं असतं.

इथे कोणी हे काम केलंय का? दिवसभर नेमकं काय करायचं असतं? शिकायचं कुठे? आणि एक अगदी आजचा प्रश्न. बुंदी नावाची एक देशी कुत्री आहे, तीनेक वर्षांची, बदामी रंग, डाव्या कानाला नसबंदीची खाच. बांधकाम चालू असलेल्या एका प्लॉटवरून आली. सहा आठवडे पिंजऱ्याच्या मागच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसते. माणसासमोर खात नाही, सकाळी वाटी रिकामी असते एवढंच. मॅनेजरताई म्हणतात, "घेतलीस नोकरी तर पहिली केस ही." काय करू हिचं?

रिकामटेकडा_७:
एम.कॉम. वाया जाणार नाही. क्लेम नाकारायचा सराव आहे ना? दत्तक मागायला येणाऱ्यांच्या मुलाखती घ्या. (हलके घ्या.)

नागपुरी_तर्री:
राजेहो, आमच्या हापिसात बी एक जण असाच बसते, भिंतीकडं तोंड करून. त्याले कोनी केस म्हणत नाही, सिनियर म्हणते.

कडूलिंब:
ओवीताई, मी पाच वर्षं हेच काम केलं, दुसऱ्या शहरात. दोन वर्षांपूर्वी सोडलं. का ते शेवटी लिहितो.

ट्रेनर म्हटलं की लोकांना शिट्टी आणि 'बस, ऊठ, हात दे' आठवतं. ते सगळ्यात शेवटी, आणि तेही खरं तर माणसांसाठी. हात देणाऱ्या कुत्र्याला घर लवकर मिळतं म्हणून शिकवायचं. बाकी दिवस बघण्यात जातो. सकाळी सातला वही घेऊन सगळ्या पिंजऱ्यांवरून एक चक्कर. कोणी खाल्लं, कोणाला पातळ झालंय, कोण रात्री होतं तिथून हललेलंच नाही, कोण गोल गोल फिरतंय. मग फिरायला नेणाऱ्या मुलांना सांगायचं की आज याला याच्या शेजारून नेऊ नका. मग नवीन आलेल्यांची ओळख. मग दुपारी फोन: "तुम्ही दिलेलं कुत्रं पलंगाखालून बाहेर येत नाही." दिवसाचा निम्मा वेळ माणसांशी बोलण्यात जातो, हे आधीच सांगून ठेवतो.

आवाज हा सगळ्यात मोठा शत्रू. एका शेडमध्ये चाळीस कुत्री एकदम भुंकायला लागली की आकडा १०० डेसिबलच्या वर जातो, आणि त्यांचे कान आपल्यापेक्षा कितीतरी तिखट. आमच्याकडे समोरासमोर पिंजरे होते, म्हणजे चोवीस तास एकमेकांच्या तोंडाकडे बघायचं. मी आल्यावर पहिल्यांदा काय केलं असेल तर जुन्या गोणपाटाचे पडदे, जमिनीपासून कमरेएवढे. दुसरं काम जास्त अवघड निघालं. आमचे सफाईचे मामा कुत्रं आत असतानाच पाण्याचा पाइप मारून पिंजरा धुवायचे. त्यांचं बरोबर होतं, पन्नास पिंजरे आणि माणसं दोन. कुत्रं शेजारच्या पिंजऱ्यात सरकवून मग धुवायचं, हे पटायला दोन महिने आणि बऱ्याच पुड्या तंबाखू लागल्या. पण त्या एका बदलाने जी चार कुत्री माणूस दिसला की थरथरायची ती थांबली. पाच वर्षांत मी केलेल्या सगळ्या 'सेशन्स'पेक्षा तो पाइप मोठा.

बुंदीचं: तिच्याकडे बघू नका. बाहेर तिरके बसा, खांदा तिच्याकडे. उकडलेल्या चिकनचे करंगळीच्या नखाएवढे तुकडे करा आणि तिच्यापासून बाजूला, दुसऱ्या भिंतीशी टाका. आपल्या पायाशी टाकायचं नाही. पायाशी टाकलं की भूक पुढे ओढते, भीती मागे खेचते, आणि मधे ते बिचारं कुत्रं. बाजूला टाकलं तर तुमच्या जवळ न येताही खाता येतं. खाल्लं नाही तर तुकडे तिथेच ठेवून उठा. पाच मिनिटं बसायचं, दिवसातून चार वेळा. तासभर ठाण मांडून बसू नका, तिला तो वेढा वाटतो.

आणि वहीत लिहा: जीभ नाकावरून फिरवली, झोप नसताना जांभई दिली, डोळ्याचा पांढरा भाग दिसला, अंग झटकलं. हे सगळं तिचं ताणाबद्दलचं बोलणंच आहे.

बोकोबा:
नेहमीप्रमाणे धागा कुत्र्यांचा. मांजरांसाठी काम करणाऱ्यांनी हात वर करा. ...बरं, मी एकटाच.

आमच्या इथे मांजरांची खोली कुत्र्यांच्या शेडला चिकटून होती. मांजरं भुंकत नाहीत, त्यामुळे ती त्रासात आहेत हे कळतच नाही. नवीन बोका शी-शूच्या मातीच्या ट्रेमध्ये झोपला की लोक म्हणतात "अय्या, किती गोड". गोड नाही, त्याला लपायला दुसरी जागा नाहीये. दुकानातून पुठ्ठ्याचं खोकं आणा, एका बाजूला भोक पाडा, आत ठेवा. खर्च शून्य. तीनचार दिवसांत तोच बोका खोक्याबाहेर तोंड काढून बसतो, कारण आता परत जायला घर आहे.

रणवीर_के९:
सॉरी, पण हे सगळं फार मऊ चाललंय. मी बारा वर्षं जर्मन शेफर्ड आणि रॉटवायलर पाळतोय. कुत्रा हा लांडग्याचा वंशज. कळपात एक म्होरक्या असतो, तो तुम्ही आहात हे पहिल्या दिवशी दाखवलं नाही तर तो डोक्यावर बसतो. बुंदीला पट्टा लावा, बाहेर काढा, चालवा. दोन दिवसांत सरळ होईल.

कडूलिंब:
रणवीर, दोन दिवसांत ती चालेल हे खरं. तोंड मिटून, शेपूट पोटात घालून, तुम्ही न्याल तिथे. त्याला 'सरळ झाली' म्हणतात, मी बघितलंय. मग कुठल्या तरी घरात तिसऱ्या आठवड्यात पोरगं अंगावर पडतं आणि ती "अचानक" चावते.

म्होरक्याचं म्हणाल तर ती गोष्ट १९४७ सालच्या एका अभ्यासावरून आली. रुडॉल्फ शेंकेल यांनी स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातले लांडगे बघितले, आणि ते होते बंदिस्त जागेत कोंडलेले. डेव्हिड मीच या अमेरिकी लांडगे-अभ्यासकांनी पुढे तीच कल्पना लोकप्रिय केली, आणि १९९९ मध्ये त्यांनीच लिहिलं की मोकळ्या रानात कळप म्हणजे बहुतेक वेळा आई, बाप आणि त्यांची पोरं. आईबापाला म्होरक्या म्हणून निवडून यावं लागत नाही. आणि आपली गावठी कुत्री तर लांडग्यासारखे कळपही करत नाहीत, चहाच्या टपरीभोवती पसरून बसतात.

रणवीर_के९:
पुस्तकी आहे. फील्डवर या.

रिकामटेकडा_७:
ते पाच वर्षं फील्डवरच होते ओ, वरती लिहिलंय. गोणपाट, तंबाखू वगैरे.

पशुवैद्य_सातारा:
दोघांनाही एक सांगतो. गुरगुरणाऱ्या कुत्र्याला मारून गप्प केलं की चावणं बंद होत नाही, चावण्याआधीची घंटा बंद होते. कुत्रं चावलेले बरेच जण मला सांगतात, "डॉक्टर, काही सूचनाच दिली नाही हो." दिली होती, कधीतरी. तेव्हा चप्पल मिळाली.

ओवीताई, नोकरी घ्यायची ते घ्या, पण आधी रेबीजची लस. चावण्याआधीचा कोर्स असतो, तीन इंजेक्शनं: ०, ७ आणि २१ किंवा २८ व्या दिवशी. शेल्टरमधल्या प्रत्येकाचा झालेला हवा, सफाईच्या मामांचा आणि ड्रायव्हरचाही. पुढे चावलंच तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं जखम धुवायची, घड्याळ लावून, आणि आधी कोर्स झालेला असेल तर ० आणि ३ असे दोनच डोस, सीरम (जखमेत टोचायची तयार प्रतिपिंडं) लागत नाही. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही. हे दर वर्षी सांगतो, दर वर्षी कोणीतरी हळद लावून येतं.

आणखी एक. बुंदीचं रक्त तपासलं का? गोचीडतापात कुत्रं असंच कोपरा धरतं. दात, कान, कंबर, सगळं बघून घ्या. दुखणं असेल तर तुमचं चिकन वाया.

शेवंती:
मी वाचत होते, लिहू की नको कळेना. माझ्या आईला मागच्या पावसाळ्यात सोसायटीच्या फाटकात कुत्रा चावला. पोटरीला सात टाके. ती ७१ वर्षांची आहे, अजून एकटी भाजीला जात नाही. इथे सगळे कुत्र्याची भाषा समजून घ्या म्हणताय, बरोबरच असेल. पण आईने ती भाषा कधी शिकायची? मला कुत्र्यांचा राग नाही. पण अशी चावरी कुत्री शेल्टरमध्ये गेली पाहिजेत एवढं वाटतं, आणि तसं म्हटलं की लोक क्रूर ठरवतात.

कडूलिंब:
शेवंतीताई, क्रूर वगैरे काही नाही. आईला सांभाळा.

तुम्ही म्हणता तेच आता कायद्यात घोळतंय. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे नसबंदी आणि लस झाली की कुत्रं उचललं त्याच जागी सोडायचं. २०२५ च्या ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी दिल्ली परिसरातली सगळी कुत्री शेल्टरमध्ये न्या म्हटलं. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते बदललं: नसबंदी-लस करून परत सोडा, रेबीजची लागण झालेली किंवा संशय असलेली आणि आक्रमक सोडू नका. मग ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालयं, बस स्थानकं, रेल्वे स्टेशनं इथली कुत्री हलवा आणि परत तिथे सोडू नका, असा आदेश आला.

आता प्रश्न असा की 'आक्रमक' कोण हे ठरवणार कोण? पिल्लं असलेली कुत्री फाटकातल्या माणसावर धावते. तीच कुत्री दोन महिन्यांनी त्याच माणसाच्या पायाशी झोपते. आणि स्टेशनावर दहा वर्षं काढलेलं कुत्रं चार बाय सहाच्या पिंजऱ्यात टाकलं की काय होतं ते मी बघितलंय. ते बेघर नव्हतंच, त्याला पूर्ण स्टेशन होतं. बुंदीचंही तेच असणार. तिला घराची आठवण येत नाहीये, वाळूच्या ढिगाऱ्याची येतेय.

म्हणून म्हणतो, या कामाला माणसं लागणारच आहेत. शेल्टरं भरणार आणि आत काय करायचं ते कोणी ठरवलेलं नाही.

आजोबा_पार्लेकर:
अवांतर होतंय, पण राहवत नाही. तुम्ही सगळे 'शेल्टर, शेल्टर' म्हणता, आपला 'पांजरपोळ' शब्द काय वाईट आहे? १८३२ साली मुंबईत पोलिसांनी मोकाट कुत्री मारायची मोहीम काढली, कुत्र्यामागे बक्षीस होतं. पारशी समाजात कुत्र्याला मान, ते रस्त्यावर उतरले, दंगल झाली, फोर्टातला व्यवहार ठप्प. त्यातूनच १८३४ मध्ये जमशेदजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांनी भुलेश्वरचा पांजरपोळ काढला. म्हणजे कुत्री उचलायची की मारायची की सांभाळायची हा वाद मुंबईत दोनशे वर्षांचा होत आलाय. शेवंतीताईंच्या आईसारखी कोणीतरी तेव्हाही असेल.

नागपुरी_तर्री:
आजोबा, पांजरपोळात ट्रेनर होते का?

आजोबा_पार्लेकर:
होते असतील. पगार हाच असेल.

म्हापशेकर:
गोव्यातलं एक निरीक्षण सांगतो. आमच्याकडे किनाऱ्यावरची कुत्री पर्यटनाच्या हंगामात शॅकवाल्यांची, म्हणजे वाळूवरच्या तात्पुरत्या खानावळवाल्यांची असतात. दिवसभर टेबलांखाली, फिश फ्राय, सगळ्यांचे लाड. पावसाळ्याआधी शॅक मोडतात, माणसं जातात, खाणं जातं. जून-जुलैत तीच कुत्री एकटं चालणाऱ्याच्या मागे लागतात. लोक म्हणतात कुत्रा पिसाळला. पिसाळला कसला, उपाशी आहे आणि त्याचा धंदा बसलाय.

रेबीजचं म्हणाल तर इथे मिशन रेबीज या संस्थेच्या लोकांनी सरकारबरोबर वर्षानुवर्षं घरोघर, वाड्यावाड्यांत जाऊन कुत्र्यांना लस टोचली, आणि २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर झाला. पकडायला फुलपाखरांच्या जाळीसारखी मोठी जाळी वापरतात. लस देऊन, रंगाचा ठिपका लावून तिथल्या तिथे सोडतात. ती जाळी धरणारी पोरं बघायला हवीत तुम्ही ओवीताई, कुत्रं कुठल्या बाजूला पळणार ते त्यांना आधीच कळतं. वर्तनशास्त्र म्हणतात ते हेच असावं.

अटलांटिकपार:
उशिरा आले. मी न्यू जर्सीत, शनिवारी इथल्या काउंटी शेल्टरमध्ये जाते. इथेही सगळं आलबेल नाही, ही आधी गैरसमज दूर करणारी सूचना.

इथे पूर्वी कुत्रं आलं की त्याची परीक्षा घ्यायचे. त्यात एक प्रकार असा: कुत्रं खात असताना काठीला बांधलेला रबरी हात वाटीत घालायचा. चावलं तर नापास. आणि नापास म्हणजे कित्येकदा थेट मरणाचं इंजेक्शन. आता बऱ्याच ठिकाणी हे सोडून दिलंय, कारण घाबरलेल्या, कोंडलेल्या जागी कुत्रं जसं वागतं तसंच घरी वागेल असं निघत नाही. मला नेहमी वाटायचं, लग्नात पंक्तीत बसलेल्या आमच्या काकांच्या ताटात कोणी रबरी हात घातला असता तर ते पास झाले असते का.

बुंदीसारख्यांसाठी एएसपीसीए या इथल्या प्राणिरक्षण संस्थेने नॉर्थ कॅरोलायनात वीव्हरव्हिल इथे एक वेगळं केंद्रच काढलंय, २०१८ पासून. तिथे फक्त अतिशय घाबरलेली कुत्री, बहुतेक विकण्यासाठी पिल्लं काढणाऱ्या 'कारखान्यां'तून किंवा ज्यांच्या घरात कुत्रीच कुत्री कोंडलेली असतात तिथून सोडवलेली. त्यांच्याकडून मी उचललेली एक गोष्ट: घाबरट कुत्र्याला माणसाच्या आधी दुसरं धीट कुत्रं दाखवा. धिटुकलं माणसाकडून खाऊ घेतं, हे बघून घाबरट पुढे येतं. बुंदीच्या पिंजऱ्याशेजारी कोण आहे?

शिकण्याचं: ट्रेनर म्हणवून घ्यायला इथेही परवाना लागत नाही, कोणीही पाटी लावू शकतो. सीपीडीटी-केए नावाची ट्रेनर लोकांची एक परीक्षा आहे, बसायला मागच्या तीन वर्षांत ३०० तास प्रशिक्षण दिल्याचा पुरावा लागतो. म्हणजे आधी काम, मग कागद. तुमचे शेल्टरचे तास आजपासून लिहून ठेवा, कोणाची तरी सही घेऊन.

ओवी_पुणे:
बापरे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देता येणार नाही, सांभाळून घ्या.

डॉक्टर, रक्त तपासलं. गोचीडताप निघाला, सौम्य. गोळ्या चालू आहेत. (मॅनेजरताईंनी माझ्याकडे असं बघितलं की मीच निदान केलंय. मी काही बोलले नाही.) माझा लसीचा पहिला डोस झाला.

शेवंतीताई, तुमचं वाचून दोन दिवस डोक्यात राहिलं. आमच्या क्लेममध्ये असं असायचं की दोन्ही बाजू खऱ्या आणि पैसे एकाच खिशात. आईंना एक विचारा, कुत्रं चावण्याआधी फाटकात कोणी खायला घालत होतं का? २०२३ च्या नियमांत खाऊ घालायची जागा ठरवायची सांगितलीय, फाटक-जिन्यापासून, लहान मुलं खेळतात तिथून लांब. सोसायटीला पत्र लिहायचं तर मसुदा मी करून देते. ते मला येतं.

पंधरा दिवस सुट्टी घेऊन रोज जातेय. चिकन बाजूच्या भिंतीशी. पहिले चार दिवस काही नाही, तुकड्यांना मुंग्या. पाचव्या दिवशी मी उठून वळणावर गेले आणि मागे चपचप आवाज आला, तर मी वळून बघितलं आणि आवाज थांबला. स्वतःचाच राग आला. आठव्या दिवशी शेजारच्या पिंजऱ्यात पोपट्याला आणलं (तीन पायांचा, निर्लज्ज, सगळ्यांना चाटतो). तो जाळीतून माझ्या बोटावरचं खात होता, आणि बुंदीचा एक कान मागे वळला. डोकं नाही, फक्त कान.

कडूलिंब, तुम्ही का सोडलंत ते लिहिणार होतात.

कडूलिंब:
हो, राहिलं. सोडायचं कारण कुत्री नव्हती. आमच्याकडे एक कुत्रं होतं, सात महिने त्याच्यावर काम केलं. चांगल्या घरात दिलं. त्यांना मी लेखी दिलं होतं: पहिले तीन दिवस पाहुणे नाहीत, तीन आठवडे बागेत मोकळं सोडायचं नाही, बस्तान बसायला तीन महिने लागतात. दुसऱ्या दिवशी त्यांनी सत्यनारायण घातला. साठ माणसं. तिसऱ्या दिवशी ते कुंपणावरून गेलं ते गेलंच. मी तीन आठवडे रात्री त्या भागात फिरलो. त्यानंतर पिंजऱ्यासमोर बसलो की वही उघडवत नव्हती.

तुम्हाला घाबरवायला लिहिलं नाही. पगार ठरवताना एक मागा: दत्तक दिल्यावर घरी जाऊन बघायचे तास कामात धरलेले हवेत, आणि जायला गाडीखर्च. मी मागितलं नव्हतं.

बोकोबा:
दादा...

रणवीर_के९:
वाईट वाटलं. खरंच. माझा पहिला शेफर्डही असाच दिवाळीत पळाला होता, फटाक्यांनी. दोन दिवसांनी मिळाला. मी त्याला मारलं होतं मिळाल्यावर. का लिहितोय माहीत नाही.

शेवंती:
ओवी, आईला विचारलं. हो, फाटकाच्या बाजूलाच एक ताई रोज भात टाकतात. मसुदा पाठव गं. आणि त्या ताईंचं नाव त्यात नको, चांगल्या आहेत बिचाऱ्या.

ओवी_पुणे:
पाठवते आज. 

इकडची बातमी: गाडीखर्चाला हो म्हणालेत. आधी सहा महिन्यांचं ठरलंय, कंपनीने बिनपगारी रजा दिली. नवरा काल बोलला. म्हणाला, "चिकन उकडायचं पातेलं वेगळं ठेव." ही परवानगीच धरली.

आज सकाळी बुंदी उभी राहिली आणि नाकापासून शेपटीपर्यंत अंग झटकलं.

कडूलिंब:
तोंड कुठे होतं?

ओवी_पुणे:
पोपट्याकडे. म्हणजे माझ्याकडे नाही. पण भिंतीकडेही नाही.

कडूलिंब:
वहीत लिहा. वेळेसकट.

सुखवस्तू_ठाणे:
छान धागा. आमचा लॅब्रा दोन वर्षांचा आहे, शिकलेला आहे, पण आम्ही बाहेर गेलो की सोफा खातो. काय करावं?

रिकामटेकडा_७:
नवीन धागा काढा. शीर्षकात सोफ्याची किंमत टाका, प्रतिसाद जास्त येतील.